उंबरठ्याआतला इतिहास : लहान संग्रहालये आणि ऐतिहासिक घरे

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संग्रहालय म्हटले म्हणजे सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे मुंबईतील घुमटाची ती भव्य वास्तू उभी राहते. आयुष्यात एकदा पाहावी, मुलांना एकदा दाखवावी, अशी ही गोष्ट मानली जाते. शाळेची सहल निघते, गाडी दाराशी थांबते, मुलांची रांग एका दाराने आत शिरते आणि पंधरा मिनिटांत दुसऱ्या दाराने बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी वर्गात काय पाहिले असे विचारावे, तर तलवारी आणि तोफ एवढेच उत्तर मिळते. यात दोष मुलांचा नाही. मोठ्या दालनात हजारो वस्तू एकाच वेळी पुढे आल्या म्हणजे मोठ्या माणसाची नजरही भांबावते.

परंतु इतिहास केवळ मोठ्या दालनांतच राहतो असे नाही. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत मांडलेले संग्रहालय, एखाद्या थोर पुरुषाचे वा स्त्रीचे जन्मघर, टेकडीच्या उतारावरील एखादे चित्रसंग्रहालय, नदीकाठचा जुना वाडा अशा ठिकाणी तो अधिक जवळून भेटतो. तेथे गर्दी नसते. वस्तूपुढे दहा मिनिटे उभे राहिले तरी कोणी पुढे ढकलीत नाही. आणि तेथे मांडलेली वस्तू बहुधा त्याच मातीतून निघालेली असते.

एका व्यापाऱ्याची दृष्टी आणि तेरचे संग्रहालय

या दृष्टीने धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. तेरणा नदीच्या काठचे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. परंतु गोरोबाकाकांच्याही सुमारे बाराशे वर्षे आधी हे गाव सागरापलीकडे माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नगराचा उल्लेख आहे. तेथून निरनिराळ्या प्रकारचे कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर होय, असे विद्वानांनी दाखवून दिले आहे.

गावातील जुनी पांढरीची टेकाडे पावसाने धुपत. त्यांतून मणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी वर येत. पोरे त्यांच्याशी खेळत, शेतकरी पांढरी माती गाडीत भरून नेत असताना त्या खापरांसह शेतात टाकीत. तेरचे एक व्यापारी, रामलिंगप्पा लामतुरे, यांना मात्र या ‘कचऱ्या’चे मोल कळले. ते पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. परंतु सापडलेली वस्तू फेकून द्यावयाची नाही, एवढा एक नियम त्यांनी जन्मभर पाळला. त्यांच्या संग्रहातून उभे राहिलेले संग्रहालय आज राज्य शासनाकडे असून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या गावात मिळालेली एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. या मूर्तीची तुलना करण्यासाठी अभ्यासकांना मराठवाड्यातील तेर आणि भोकरदन या दोन ठिकाणच्या मूर्तींकडे वळावे लागले. तेरणेकाठचा मुलगा आपल्या गावच्या संग्रहालयात उभा राहून हे ऐकतो, तेव्हा रोमन साम्राज्य ही त्याला केवळ पाठ्यपुस्तकातील गोष्ट राहत नाही. आपल्या गावच्या गाडीवाटेचे दुसरे टोक कोठे पोचत होते, हे त्याला समजते.

तेरसारखेच पैठण येथे बाळासाहेब पाटील यांच्या संग्रहाला शासकीय संग्रहालयाचे रूप आले. राज्यातील अनेक लहान संग्रहालयांच्या मुळाशी असा एखादा ध्यास घेतलेला माणूस आढळतो, हे विसरता येणार नाही.

स्वयंपाकघरातला इतिहास

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आज पुष्कळच विस्तारले आहे. तथापि त्याचा आरंभ एका घरातच झाला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून त्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास सुरुवात केली. राजा हा त्यांचा मुलगा अल्पवयात गेला, आणि पुढे संग्रहाला त्याचेच नाव देण्यात आले. पत्नी कमलाबाई यांची या कार्याला अखेरपर्यंत साथ होती. गावोगाव हिंडून, वाड्यांची माळे धुंडाळून, प्रसंगी पदरमोड करून जमविलेला हा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

या संग्रहाचे वैशिष्ट्य असे, की त्यात राजेरजवाड्यांच्या वैभवापेक्षा रोजच्या जगण्याला अधिक मान आहे. अडकित्ते, लामणदिवे, दौती, कुलपे, पानाचे डबे, शेवेचे सोरे, वज्री, कोरीव दरवाजे, वाद्ये अशा त्या वस्तू होत. पायाचा मळ काढण्याच्या वज्रीवर कारागिराने घुंगरू लावून मोर घडविलेला पाहिला, म्हणजे वापर आणि सौंदर्य ही जुन्या माणसांच्या लेखी वेगळी नव्हती, हे व्याख्यानाविनाच कळते. इतिहासाच्या पुस्तकात ज्या स्त्रीचे नाव कधीच आले नाही, तिच्या हाताची खूण या वस्तूंवर आहे. लढायांच्या सनावळीत तिला जागा नव्हती. ती जागा संग्रहालयाने दिली.

घर बोलते तेव्हा

ऐतिहासिक घराची गोष्ट थोडी निराळी आहे. संग्रहालयात वस्तू आणून मांडलेल्या असतात. घरात माणूस कोठे बसे, कोठून पाणी भरे, उजेड कोणत्या खिडकीतून येई, हे जसेच्या तसे दिसते. रत्नागिरी येथील टिळक आळीतील घरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला. उतरते कौलारू छप्पर, ओटी, पडवी, परसू असे ते कोकणातील मध्यमवर्गीय घर आहे. लोकमान्यांची कामगिरी ग्रंथांतून समजते. परंतु ती कामगिरी करणारा पुरुष एवढ्याशा माजघरातून बाहेर पडला, ही जाणीव घर पाहिल्यावरच होते.

त्याच रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून हिंदुस्थानात आणले आणि १८८६ पासून रत्नागिरीस ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि १९१६ मध्ये राजाचा तेथेच अंत झाला. परक्या समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या या वास्तूत हिंडताना पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतो. राजवाडा असूनही तो बंदिवास कसा असू शकतो? साम्राज्यशाही म्हणजे काय, हे शिकविण्यासाठी शिक्षकाला याहून चांगली जागा मिळणे कठीण.

पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले यांचा वाडा हा भव्य नाही. परंतु त्याच्या अंगणातील पाण्याला महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मोठे स्थान आहे. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर घागर बुडविण्याची मनाई होती, त्यांच्यासाठी जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद खुला केला. समतेवर दिलेली दहा व्याख्याने एका बाजूला आणि मुलांना या अंगणात उभे करून सांगितलेली ही एक घटना दुसऱ्या बाजूला ठेवली, तर पारडे कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे सावित्रीबाईंचे जन्मस्थळ आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेली खेड्यातील एक मुलगी पुढे मुलींच्या शाळेची शिक्षिका झाली, हे ज्या शिक्षिका तेथे जाऊन पाहतात, त्यांना आपल्या पेशाची वंशावळच सापडते.

वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रम हेही असेच एक घर होय. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहावयास आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडले. माती, बांबू आणि कवेलू यांनी बांधलेल्या बापूकुटीत आज जे आहे ते सारे एका दृष्टिक्षेपात मावते. आश्रमात साप मारीत नसत. ते पकडण्याचा लाकडी चिमटा आणि दूर सोडून येईपर्यंत त्यांना ठेवण्याची पेटी तेथे जपलेली आहे. जवळच, व्हाइसरॉयशी तातडीने बोलता यावे म्हणून बसविलेला दूरध्वनी आहे. सापाची पेटी आणि साम्राज्याचा दूरध्वनी एकाच आवारात पाहिले, म्हणजे त्या कालखंडाचा अर्थ वेगळ्या रीतीने उलगडतो.

पंचायत सदस्यांनी आवर्जून पाहावे असे आणखी एक स्थान म्हणजे सातारा जिल्ह्यातील औंध. यमाईच्या डोंगरावर भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत आणि विख्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्पही आहे. परंतु औंधची आठवण केवळ कलेपुरती नाही. अवघ्या बहात्तर गावांच्या या संस्थानाच्या अधिपतीने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, आणि त्या घटनेचा पाया ग्रामपंचायत हा होता. देशात पंचायत राज्याची चर्चा सुरू होण्यापूर्वी एका डोंगरी मुलखात तो प्रयोग होऊन गेला होता.

पाहावे कसे?

लहान संग्रहालयाची भेट फलदायी व्हावयाची असेल, तर थोडी पूर्वतयारी अवश्य आहे. पुष्कळ संग्रहालये आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, बंद असतात. तेव्हा आधी चौकशी करावी. शिक्षकाने शक्य तर एकदा स्वतः जाऊन यावे आणि मुलांसाठी चार-पाच वस्तूच निवडाव्यात. प्रत्येक वस्तूसमोर पाच प्रश्न विचारावेत. ही कशाची केली आहे? कोणी केली असेल? कोण वापरीत असेल? येथे कशी आली? आणि हिच्याजवळ असावयास हवे, पण नाही, असे काय आहे?

यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. वाड्यात धन्याचा पलंग असतो. पण पाणी भरणाऱ्याची कावड नसते. तलवार असते, ती घडविणाऱ्या लोहाराचा भाता नसतो. देव्हारा असतो, पहाटे ज्या जात्यावर दळण दळले गेले, ते मात्र अडगळीत पडलेले असते. जे नाही तेही दिसू लागणे, ही इतिहासदृष्टीची सुरुवात होय. मुलांनी परत आल्यावर निबंध लिहिण्याऐवजी आपल्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती, ती कोणाची, हे आजीला विचारून चार ओळी लिहून आणाव्यात. सहल तेथे पुरी होते.

संग्रहालयातील कर्मचाऱ्याशी बोलणे हाही भेटीचाच एक भाग आहे. लहान ठिकाणी पहारा देणाऱ्या माणसालाच वस्तूंच्या पुष्कळ कथा माहीत असतात. अभ्यागतांच्या नोंदवहीत नुसते नाव न लिहिता, कोणत्या वस्तूची माहिती अपुरी वाटली तेही लिहावे. ज्या संग्रहालयात कोणी जात नाही, त्याची फुटलेली कौलेही वेळेवर बदलली जात नाहीत. आपली भेट ही त्या वास्तूला दिलेली मदतच आहे.

‘आधी पाणी, मग संग्रहालय’

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. गावात प्यावयास पाणी नाही, शाळेचे छप्पर गळते आहे, अशा वेळी फुटक्या खापरांची उठाठेव कशाला? पंचायतीचा पैसा मर्यादित असतो आणि त्यावर पहिला हक्क पाण्याचा व शाळेचा आहे, हे निर्विवाद मानले पाहिजे. परंतु येथे मागणी पैशाची नसून लक्ष देण्याची आहे. लामतुरे यांनी आरंभी इमारत बांधली नाही. वस्तू फेकली नाही, एवढेच केले. शिवाय पैसा उद्या मिळू शकतो, नवी शाळा पुढल्या वर्षी बांधता येते. पण एकदा जेसीबीखाली गेलेले टेकाड वा रद्दीत गेलेले दप्तर कोणत्याही अंदाजपत्रकातून परत येत नाही.

अशा दप्तरांचे मोल इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दाखवून दिले. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडवून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण बावीस खंड झाले. १९२६ च्या अखेरीस धुळे येथे त्यांचे निधन झाले, आणि पुढील वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांच्या हाती लागले ते वाचले. जे त्यांच्या आधी उंदरांच्या आणि वाळवीच्या हाती लागले, त्याची यादीही कोणापाशी नाही.

एक झाड, चार मूर्ती

जमिनीखाली काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. १९७४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे प्रवरेच्या काठी एक ग्रामस्थ झाडाची मुळे खणीत असता त्याला चार कांस्यमूर्ती मिळाल्या. बैलजोडीचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा त्या होत्या. चारींचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक होते. मोडीच्या भावाने विचार केला असता, तर ते निव्वळ जुने धातू होते आणि भट्टीत वितळून गेले असते. तसे झाले नाही. त्या शासनाच्या हाती आल्या, पुढील वर्षांत तेथे विस्तृत उत्खनन झाले, आणि हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाचा धागा प्रवरेच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोचतो, हे अभ्यासकांपुढे आले.

विहीर, तलाव, रस्ता, घराचा पाया यांची कामे गावोगाव चालू असतात. कुदळीला काही लागले, तर काय करावयाचे, हे सरपंचापासून मुकादमापर्यंत सर्वांना ठाऊक असले पाहिजे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. अशी वर्दी देणाऱ्याचा हक्क कायदा मान्य करतो आणि शासनाने वस्तू संपादन केल्यास मोबदल्याची तरतूदही त्यात आहे. वस्तू लपविणारा मात्र तो हक्क गमावतो. ‘सरकार घेऊन जाईल’ या भीतीने वस्तू रातोरात वितळविली जाते वा विकली जाते. ही भीती अज्ञानातून आलेली आहे, आणि ती ग्रामसभेत पाच मिनिटांत दूर करता येण्यासारखी आहे. तसेच १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधीविषयक अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाहीत. महत्त्वाच्या हस्तलिखितांच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

गावाने काय करावे?

पहिले काम यादीचे. गावातील जुने वाडे, बारव, मंदिर, मशीद, दर्गा, वेशीजवळ वा पारावर पडलेले वीरगळ, सतीशिळा, शिलालेख, जुनी दप्तरे, बलुतेदारांची अवजारे यांची नोंद शाळेच्या मुलांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली करावी. छायाचित्र, जागा, मोजमाप आणि सांगणाऱ्याचे नाव एवढे पुरे. वस्तू मालकाच्या घरीच राहू द्यावी. नोंद पंचायतीत राहावी.

दुसरे काम शाळेतील वा पंचायतीतील एका कपाटाचे. ज्यांना स्वेच्छेने वस्तू द्यावयाची असेल त्यांच्याकडून ती स्वीकारावी आणि त्याच दिवशी नोंदवहीत क्रमांक, तारीख, देणाऱ्याचे नाव व वस्तूची हकिकत लिहावी. हकिकतीवाचून वस्तू मुकी होते. दहा वर्षांनी सांगणारा नसतो. तेव्हा नोंद हीच तिची वाचा ठरते.

तिसरे काम काही गोष्टी न करण्याचे आहे. जुने नाणे चिंचेने वा रसायनाने घासू नये. वीरगळावर तैलरंग देऊ नये. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवू नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. मोडीतील कागद वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी ठरवू नये. मोडी वाचणारे आजही आहेत आणि राज्याच्या पुराभिलेख विभागामार्फत मोडी प्रशिक्षणाचे वर्गही घेतले जातात. जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार करताना चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा, कारण त्यामुळे ओल आत कोंडून भिंत आतून सुटते.

भारतीय संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या या कर्तव्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणून तो जतन करण्याचा समावेश आहे. ‘संमिश्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा. तेरच्या मातीतून रोमशी झालेल्या व्यापाराची खूण निघते, रत्नागिरीत ब्रह्मी राजाचा वाडा उभा असतो, औंधच्या डोंगरावर इंग्रज शिल्पकाराचे शिल्प असते. आपला म्हणून जो वारसा आपण मोजतो, त्यात असे अनेकांचे हात लागलेले आहेत. गावच्या कपाटातही ते सर्व हात दिसावेत. एका घराण्याचा वा एका जातीचाच इतिहास तेथे मांडला जाऊ नये.

या सुट्टीत दूरच्या प्रवासाचा बेत आखण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एक लहान संग्रहालय आणि एक ऐतिहासिक घर प्रत्येकाने पाहून यावे. जाताना दोन मुले बरोबर न्यावीत. आणि परतल्यावर आपल्या घरच्या माळ्यावर चढून, धुळीत पडलेला एखादा रुमाल सोडण्यापूर्वी, तो कोणाचा आणि कधीपासून तेथे आहे, हे घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारून घ्यावे. कागद आणखी काही वर्षे टिकेल. सांगणारे माणूस तितके थांबेलच असे नाही.